लिस्बनचे तीन दिवस: काकूंचे गुडघे आणि काकांचा इतिहास, दोन्ही सांभाळून

तुम्ही विचारलंय की ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात आईबाबांना घेऊन लिस्बनला तीन दिवस जाताय, आईचे गुडघे दुखतात, बाबांना इतिहासाचं वेड आहे, घर मूळचं वसईचं, आणि नेटवर पंचवीस ठिकाणांची यादी मिळालीय त्यातली टॉप टेन कुठली. मी बरीच वर्षं स्पेन-पोर्तुगालला मराठी मंडळींचे छोटे ग्रुप नेतो, त्यात साठीच्या पुढचेच जास्त असतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दहा नावं मी एका ओळीत देऊ शकतो, पण ती तुमच्या उपयोगाची नाहीत. तुमची खरी अडचण अशी आहे की लिस्बन हे टेकड्यांवरचं शहर आहे, नकाशावर दोन ठिकाणं चारशे मीटरवर दिसतात आणि मध्ये जिन्याच्या दीडशे पायऱ्या निघतात, त्यात फूटपाथ चुनखडीच्या छोट्या गुळगुळीत दगडांचे, पाऊस पडला की पाय सटकतो, आणि ऑक्टोबरअखेरीला पाऊस येऊ शकतो. याद्या बनवणारे ठिकाणाची प्रसिद्धी बघतात, चढ कुठे आणि उतार कुठे ते बघत नाहीत. त्यामुळे यादीच्या क्रमानं फिरलेली माणसं दुसऱ्या दिवशी दुपारी हॉटेलात पाय शेकत बसतात, हे मी दरवेळी बघतो. माझा साधा नियम, एका दिवशी एकच भाग, वर जायचं ते गाडीनं आणि खाली यायचं ते पायी.

दुसरी गोष्ट काकांसाठी. 1 नोव्हेंबर 1755ला सकाळी लिस्बनला प्रचंड भूकंप झाला, ऑल सेंट्सचा, म्हणजे सगळ्या संतांचा सण होता, चर्चेस माणसांनी भरलेली आणि सगळीकडे मेणबत्त्या पेटलेल्या, भूकंपामागून नदीतून समुद्राच्या लाटा आल्या आणि मग कित्येक दिवस आग धुमसत राहिली. वसई 1534ला पोर्तुगिजांकडे गेली आणि 1739ला चिमाजी अप्पांनी घेतली. म्हणजे ज्या लिस्बनहून दोनशे वर्षं वसईचा कारभार हलायचा ते लिस्बन वसई गेल्यावर सोळाच वर्षांनी जमीनदोस्त झालं, आणि आज आपण मध्यभागात फिरतो ते बहुतेक सगळं त्यानंतर बांधलेलं आहे. वसईच्या माणसानं लिस्बन बघायचं तर भूकंपातून काय वाचलं, काय मोडलं आणि काय नवं उभं राहिलं, या हिशोबानं बघावं असं मला मनापासून वाटतं. असं बघितलं की पंचवीस ठिकाणांची यादी आपोआप लहान होते.

पहिला दिवस मध्यभागाला द्या, शियादो आणि बायशा. शियादो वर आहे, बायशा खाली, नदीच्या पातळीला. मेट्रोचं बायशा-शियादो नावाचं स्टेशन आहे, त्याला दोन तोंडं आहेत, तुम्ही शियादोच्या बाजूनं बाहेर पडा म्हणजे लांबलचक सरकते जिने तुम्हाला थेट वर नेऊन सोडतात आणि काकूंचा एक अख्खा चढ वाचतो. तिथून थोड्या अंतरावर कार्मोचा मठ आहे. 1389ला सुरू झालेलं हे गॉथिक चर्च, 1755ला त्याचं छत कोसळलं, आणि ते पुढे तसंच ठेवलं गेलं, वर उघडं आकाश आणि खाली नुसत्या कमानी, मागच्या बाजूला छोटंसं पुरातत्त्व संग्रहालय. काकांनी वसईच्या किल्ल्यात बिनछताची चर्चेस लहानपणापासून बघितली असतील, ते इथे उभे राहिले की मला काय म्हणायचंय ते कळेल, माझ्या ग्रुपमधली वसई-विरारची माणसं इथून लवकर हलत नाहीत.

कार्मोच्या समोरच्या छोट्या चौकाला पण पाच मिनिटं द्या. 25 एप्रिल 1974ला पोर्तुगालमधली जवळपास अर्धशतकाची हुकूमशाही संपली ती इथे, पंतप्रधान मार्सेलो काएतानो याच चौकातल्या बराकीत अडकून पडले होते आणि इथेच शरण आले, लोकांनी सैनिकांच्या बंदुकांत लाल कार्नेशनची फुलं खोचली. याचा आपल्याशी थेट संबंध आहे. गोवा 19 डिसेंबर 1961ला मुक्त झाला तरी लिस्बननं ते मान्य केलं नव्हतं, ही क्रांती झाल्यावर त्याच वर्षी 31 डिसेंबरला दिल्लीत करार झाला आणि पोर्तुगालनं गोवा, दमण, दीव, दादरा-नगर हवेलीवरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं.

मठाच्या मागे सांता जुस्ता नावाची लोखंडी लिफ्ट आहे, 1902 सालची, 45 मीटर उंच. प्रत्येक यादीत असते, आणि खाली तिच्यासाठी लांब रांग असते. रांगेत उभं राहू नका, कार्मोच्या बाजूनं तुम्ही आधीच वर असता तेव्हा तिथूनच बघा, फोटो काढा आणि पुढे चला. शियादोत जमलं तर साव रोक हे चर्च मात्र सोडू नका, जे बहुतेक याद्यांत खाली कुठेतरी असतं. बाहेरून अगदी साधं, गोदामासारखी भिंत. आत एक छोटं चॅपल आहे, सेंट जॉन द बाप्टिस्टचं, राजा पाचवा जॉन यानं ते रोममध्ये बनवून घेतलं, पोपनं तिथे आशीर्वाद दिला, मग ते सुटं केलं, जहाजांत भरून लिस्बनला आणलं आणि परत जोडलं. पैसा ब्राझीलच्या सोन्याचा. भिंतीवरची चित्रं रंगवलेली वाटतात पण जवळ गेलात की दिसतं की ती बारीक दगडांची मोझेक आहेत. हे चर्च भूकंपातून वाचलं. आत बसायला बाकं आहेत, काकूंना वीस मिनिटं शांत बसता येतं, हा पण मुद्दा आहेच.

तिथून उतरत रोस्सिओ चौकात या. आज तिथे जे राष्ट्रीय नाट्यगृह दिसतं त्या जागेवर पूर्वी इन्क्विझिशनचा, म्हणजे धर्मद्रोहाचे खटले चालवणाऱ्या चर्चच्या न्यायालयाचा वाडा होता. गोव्यात 1560ला जे इन्क्विझिशन सुरू झालं त्याचं मूळ या शहरात, हे काकांना माहीत असेलच, जागा मात्र अनेकांना माहीत नसते कारण तिथे नाट्यगृहाच्या खांबांचे फोटो काढून लोक निघून जातात. बाजूच्याच गल्लीत साव दोमिंगोस चर्च आहे, तिथे आत नक्की जा. 1506ला या चर्चपासून ज्यूंची कत्तल सुरू झाली, बाहेर त्याचं स्मारक आहे. भूकंपात ते पडलं, परत बांधलं, 1959ला आत भीषण आग लागली, आणि नंतर उघडताना खांबांवरच्या जळल्याच्या खुणा, तडकलेला दगड तसाच ठेवला. लिस्बनमधली सर्वात प्रामाणिक जागा कुठली असं मला विचारलं तर मी हीच सांगतो.

मग सपाट रस्त्यानं, रुआ औगुश्तानं नदीकडे. हा सगळा भाग चौकोनी आखलेला दिसेल, सरळ रस्ते, एकसारख्या इमारती. मार्किस ऑफ पोंबाल या मंत्र्यानं भूकंपानंतर तो नव्यानं बांधून घेतला, भिंतींच्या आत लाकडी चौकटींचा पिंजरा घातला की पुढच्या धक्क्याला इमारत हलेल पण पडणार नाही, भूकंपाचा विचार करून शहर बांधायच्या युरोपातल्या सुरुवातीच्या प्रयत्नांपैकी हा एक. रस्त्याच्या शेवटी कमान आणि कमानीपलीकडे मोठा चौक, तीन बाजूंना पिवळ्या इमारती आणि चौथ्या बाजूला नदी. नाव प्रासा दु कोमेर्सियो, पण लोक अजून तेरेइरो दु पासो, म्हणजे राजवाड्याचं अंगण म्हणतात, कारण 1755पर्यंत इथे राजवाडा होता आणि त्याला लागून कासा दा इंडिया, जिथून भारताच्या जहाजांचा, मिरीचा, नेमणुकांचा सगळा कारभार चालायचा. राजवाडा, त्यातलं ग्रंथालय, कासा दा इंडियाची कागदपत्रं, सगळं गेलं. काकांना या चौकात नदीकडे तोंड करून बसवा आणि हे सांगा. राजा पहिला जोसेफ भूकंपाच्या सकाळी पश्चिमेच्या बेलें भागात होता म्हणून वाचला, पण त्यानंतर त्यानं दगडी छताखाली राहायचं सोडलं, टेकडीवर लाकडी वाडा बांधून मरेपर्यंत तिथेच राहिला.

दुसरा दिवस बेलें. हा भाग नदीकाठानं पश्चिमेला, साधारण सहा किलोमीटर, आणि सपाट आहे, काकूंसाठी सर्वात सोपा दिवस. 15 नंबरच्या ट्रॅमनं जाता येतं पण ती खच्चून भरते, कायश दु सुद्रे स्टेशनवरून लोकल ट्रेन घ्या किंवा सरळ टॅक्सी. आधी जेरोनिमोस मठ, आणि सकाळी उघडतानाच पोचा, तिकीट आधी ऑनलाइन काढून ठेवा, अकरा वाजल्यानंतर तिथली रांग उन्हात असते. सोमवारी मठ बंद असतो, हे विसरून आलेली कुटुंबं दर सोमवारी दारात उभी दिसतात.

मठ 1500 सालाच्या लगेच नंतर राजा मॅन्युएलनं सुरू केला आणि जवळपास शंभर वर्षं बांधकाम चाललं, पैसा आफ्रिका आणि पूर्वेच्या व्यापारावर लावलेल्या पाच टक्के करातून. म्हणजे त्यातला पुष्कळसा आपल्या किनाऱ्यावरच्या मिरी-मसाल्याचा पैसा आहे. दगडात दोरखंड, नांगर, समुद्री वनस्पती कोरल्यात, इतकं बारीक काम युरोपात मी फार कमी ठिकाणी बघितलंय. चर्चमध्ये शिरताच एका बाजूला वास्को द गामाची समाधी, दुसऱ्या बाजूला कवी कामोंइशची, जो स्वतः गोव्यात राहिलेला. वास्को 1524ला कोचीत वारला, आधी तिथल्या सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये पुरला, 1539ला अवशेष पोर्तुगालला नेले, आणि या मठात आणले ते 1880ला. 1502च्या सफरीत त्यानं मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचं जहाज माणसांसकट जाळलं होतं, समाधीजवळ उभं राहताना ते पण आठवावं असं मला वाटतं, तिथले गाइड सहसा सांगत नाहीत. मग वेदीपर्यंत पुढे चालत जा आणि राजांच्या समाध्या बघा, त्या संगमरवरी हत्तींच्या पाठीवर आहेत. लिस्बनमध्ये भारत शोधायचा तर मी लोकांना आधी ते हत्ती दाखवतो.

बेलें टॉवर 1514 ते 1519 या काळातला, तो बाहेरून बघा. आत अरुंद गोल जिना आहे, वर जाणारे आणि खाली येणारे त्याच जिन्यानं, काकूंना अजिबात नेऊ नका, शिवाय तो 2025मध्ये दुरुस्तीसाठी बंद केला होता, त्यामुळे आत जायचंच असेल तर अधिकृत साइटवर बघून घ्या. बाहेरून एक गोष्ट मात्र शोधा, बुरुजाखाली दगडात कोरलेलं गेंड्याचं डोकं, झिजलंय पण ओळखता येतं. गुजरातच्या सुलतानानं गोवा जिंकणाऱ्या अल्बुकर्कला भेट दिलेला गेंडा गोव्याहून जहाजानं 1515ला लिस्बनला पोचला, युरोपनं कित्येक शतकांत जिवंत गेंडा बघितला नव्हता. जर्मन चित्रकार ड्यूररनं त्याचं जगप्रसिद्ध चित्र केलं ते नुसतं वर्णन आणि एक रेखाटन मिळालं त्यावरून, गेंडा स्वतः न बघता. पुढे राजानं तो पोपला भेट पाठवला आणि इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाजासोबत तो बुडाला.

मधे जे प्रचंड पांढरं जहाजासारखं स्मारक दिसतं ते शोध-सफरींचं, 1960चं, म्हणजे जुनं नाही, हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत बांधलेलं. राजपुत्र हेन्री सर्वात पुढे, मागे खलाशी, कवी, धर्मगुरू, त्यात फ्रान्सिस झेवियर पण आहे ज्यांचं शव जुन्या गोव्यात आहे. समोर फरशीवर जगाचा मोठा नकाशा कोरलाय, मुलं असली की तिथे रमतात. मला विचाराल तर अर्धा तास पुरे. त्या दगडात जिंकणाऱ्यांची बाजू आहे, आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेली माणसं किंवा आपल्याकडची गावं त्यात कुठेच नाहीत, आणि हे आपण सोबत घेऊन गेलेलं बरं.

पास्तेल, म्हणजे ती कस्टर्डची छोटी टार्ट, बेलेंमधल्या 1837पासूनच्या दुकानात खा. बाहेरची रांग पार्सलची असते, आत बसायला भरपूर खोल्या आहेत, सरळ आत जा. त्यात अंडं असतं, घरात कोणी अंडं खात नसेल तर आधीच सांगून ठेवा. खाण्याचं निघालंच आहे तर, हॉटेलात बसल्या बसल्या ब्रेड, ऑलिव्ह, चीज टेबलावर आणून ठेवतात, ते फुकट नसतं, नको असेल तर हात न लावता परत घ्यायला सांगा, कोणी वाईट मानत नाही. कॅफेत सामोसा दिसला म्हणून शाकाहारी समजू नका, आत बहुतेक वेळा मांस असतं, हिरव्या भाजीच्या काल्दू व्हेर्द सूपमध्ये पण सॉसेजचा तुकडा टाकतात. मार्तिम मोनिज भागात भारतीय, नेपाळी, बांगलादेशी दुकानं आणि हॉटेलं खूप आहेत, डाळभात तिथे मिळेल.

तिसरा दिवस आल्फामा, आणि इथे माझा नियम सगळ्यात जास्त कामाला येतो. आल्फामा हा मुसलमानी राजवटीपासूनचा जुना भाग, भूकंपातून बऱ्यापैकी वाचलेला, त्यामुळे 1755च्या आधीच्या गल्ल्या कशा होत्या ते इथेच कळतं. टॅक्सीनं किंवा टुकटुकनं, भाडं आधी ठरवून, थेट वर ग्रासाच्या व्ह्यूपॉइंटला जा. तिथून पूर्ण शहर, किल्ला, नदी, पूल एका नजरेत येतो, झाडाखाली कॉफी मिळते. मग गाडीनंच पोर्तास दु सोलपर्यंत या आणि तिथून उतरत कॅथेड्रलला. हे कॅथेड्रल 1147चं, पहिला राजा अफोन्सो हेन्रिक्स यानं शहर जिंकल्यावर लगेच सुरू केलेलं, दिसायला किल्ल्यासारखं जाड. आणखी खाली नदीजवळ कासा दोस बिकोस हे टोकदार दगडांच्या दर्शनी भिंतीचं घर आहे, ते 1523च्या सुमाराचं, गोवा जिंकणाऱ्या अल्बुकर्कच्या मुलानं बांधलेलं.

साव जॉर्ज किल्ल्याबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. सगळ्या याद्यांत तो पहिल्या पाचात असतो. पण आज दिसतात त्या तटबंदीचं बरंचसं काम 1940च्या आसपास नव्यानं केलेलं आहे, आत खडबडीत दगड, चढ, पायऱ्या, आणि जे मिळतं ते मुख्यतः दृश्य, जे ग्रासाहून फुकट मिळतं. राजगड-वसई-मुरुड बघितलेल्या माणसाला हा किल्ला म्हणून फार मोठा वाटत नाही. काकांना जायचंच असेल तर प्रासा दा फिगेइराहून 737 नंबरची बस वर नेते, काकूंना तेवढा वेळ व्ह्यूपॉइंटवर बसू द्या.

28 नंबरच्या पिवळ्या ट्रॅमचं पण असंच. ट्रॅम सुंदर आहे, गल्ल्या इतक्या अरुंद की हात बाहेर काढला तर भिंतीला लागेल, पण दिवसा बसायला जागा मिळत नाही, काकूंना तासभर उभं राहावं लागेल, आणि त्या गर्दीत पाकीटमार नेहमीचे. सकाळी आठच्या आत गेलात तर मजा आहे. चढावर जाणाऱ्या जुन्या फ्युनिक्युलर गाड्यांवर प्लॅन बांधू नका, 3 सप्टेंबर 2025ला ग्लोरियाच्या गाडीचा अपघात होऊन 16 माणसं गेली, त्यानंतर त्या बंद केल्या गेल्या, सुरू झाल्यात का ते तिथे पोचल्यावर विचारा.

दुपारी टॅक्सीनं टाइल म्युझियमला, राष्ट्रीय आझुलेजो संग्रहालय, 1509ला स्थापन झालेल्या जुन्या मठात आहे. जरा बाजूला आहे म्हणून लोक टाळतात, पण मी तुमच्या जागी असतो तर किल्ला सोडून हे घेतलं असतं. तिथे निळ्या टाइल्सचं सुमारे 23 मीटर लांबीचं चित्र आहे, 1700च्या आसपासचं, नदीकडून दिसणारं अख्खं लिस्बन. राजवाडा, चर्चेस, धक्का, सगळं जे 1755ला गेलं ते त्यात आहे. पहिल्या दिवशी ज्या चौकात काकांना बसवलं होतं तो भाग त्या चित्रात शोधायला सांगा, म्हणूनच हे मी मुद्दाम शेवटच्या दिवशी ठेवतो. सोमवारी बंद, आणि मधेमधे दुरुस्तीसाठी दालनं बंद ठेवतात, आदल्या दिवशी तपासा. बंद असेल तर प्राचीन कला संग्रहालयात जा, तिथे बेलेंची सोन्याची मॉन्स्ट्रन्स, म्हणजे चर्चमध्ये पवित्र प्रसाद दर्शनाला ठेवायचं पात्र आहे, 1506ची, वास्कोनं पूर्व आफ्रिकेतल्या किल्व्याकडून खंडणी म्हणून आणलेल्या सोन्याची.

लिस्बनजवळचं सिंत्रा गाव बहुतेक सगळे सुचवतील. सुंदर आहे, रोस्सिओहून ट्रेननं पाऊण तासात पोचता, पण पेना राजवाड्याच्या फाटकापासून आत पण चढ आहे, वेळेचं तिकीट, बसची रांग, पूर्ण दिवस जातो. तीन दिवसांत नको. चौथा दिवस काढता आला तर विचार करा.

यातलं काही तुमच्यावर अवलंबून आहे. पाऊस लागला तर आल्फामा आणि म्युझियमचा दिवस बदला, ओल्या दगडांवर उतार धोक्याचा. काकूंना तासभर सलग चालवत नसेल तर पहिला दिवस दोन तुकड्यांत करा, मधे हॉटेलात आराम. आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात, त्यानंतर पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, उशिरा बाहेर पडायची सवय असेल तर बदला. 1 नोव्हेंबरला तिथे सार्वजनिक सुट्टी असते.

हॉटेल अजून बुक केलं नसेल तर बायशात किंवा मेट्रोच्या अगदी जवळ सपाट भागात घ्या. आल्फामातली फ्लॅट्स फोटोत गोड दिसतात पण बऱ्याच गल्ल्यांत गाडी जात नाही, जुन्या इमारतींना लिफ्ट नसते, आणि चौथ्या मजल्यावर बॅगा चढवून झाल्यावर काकू दुसऱ्या दिवशी बाहेर पडणार नाहीत. तुम्ही कुठल्या वारी पोचताय आणि हॉटेल कुठल्या भागात बघताय ते कळवा, सोमवार मधे येत असेल तर कुठला दिवस कुठे हलवायचा ते सांगतो.